फाटकावरची नोटीस

मेयरांच्या स्विमिंग पूलमधून बाटलीत घेतलेल्या पाण्यात मी तपासणीचं औषध घातलं, तसं ते ताकासारखं पांढरं झालं.

"बघितलंस ना? आता काहीतरी टाक आणि निळं कर," मेयर वेर्नेद म्हणाले. "शनिवारी लग्न आहे."

ते माझ्याशी दोन वर्षांनी बोलत होते. दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराजवळच्या आमच्या गावात घरोघरी स्विमिंग पूल, आणि पंचवीस वर्षं त्यांचं पाणी मीच राखलं. दोन वर्षांपूर्वी मेयरांची नात नीना पूलमधून रडत बाहेर आली, डोळे लालभडक. पाणी चमकावं म्हणून आजोबांनीच माझ्या माघारी ॲसिडचा अख्खा कॅन ओतला होता. कॅफेत मात्र सांगत सुटले, रेजिननं, म्हणजे मी, पोरीचे डोळे जाळले. माझी अकरा घरांची कामं सुटली. नीनाची आई, मेयरांची मुलगी मायलीस, तर बेकरीत मला पाहून रांग सोडून जायची. तेव्हापासून मी या माणसावर डूख धरून होते. आता त्यांचा नवा माणूस ऑगस्टच्या सुट्टीवर गेलेला, पाणी हिरवं पडलेलं आणि मायलीसचं लग्न तोंडावर, म्हणून मी आठवले.

मी सांगितलं, तुम्ही क्लोरीनच्या गोळ्या मूठमूठ टाकल्यात. त्यांतलं स्टॅबिलायझर पाण्यात साचलंय, ते क्लोरीनला कामच करू देत नाही. अर्धं पाणी काढून नवं भरायचं, दुसरा इलाज नाही.

"मग भर की."

"दुष्काळात पूल भरायला बंदी आहे, साहेब. हुकमावर सही तुमचीच आहे."

खरं सांगते, इतकं गोड वाक्य मी जन्मात बोलले नव्हते.

मग ते हळूच म्हणाले, जालीम क्लोरीन ओत, दोन दिवस निळं दिसलं तरी पुरे. दिसलंही असतं. पोरं उतरली असती, डोळे चोळत बाहेर आली असती आणि भर लग्नात मेयरांची छीथू झाली असती. मला मोह झाला, नाही म्हणत नाही. पण डोळे पुन्हा नीनाचेच असते.

मी पूलवर आच्छादन ओढलं आणि त्यांच्यापुढे कागद ठेवला. पोहायला मनाई आहे असं लिहा, म्हटलं, आणि कारणही लिहा, मालकानं स्वतः गोळ्या जास्त टाकल्या. नाहीतर लग्नात पाहुण्यांना कारण मी सांगेन, त्या ॲसिडच्या कॅनसकट. दातओठ खात त्यांनी लिहिलं, खाली सही केली. मी तो कागद फाटकाला लावला.

मायलीस बागेत खुर्च्या मांडत होती. ती आली. एकदा वाचलं, परत वाचलं.

"पप्पा, त्या वेळीही तुम्हीच होतात?"

मेयर पेनाचं टोपण लावत राहिले.

मायलीसनं माझी औषधांची पेटी उचलली आणि गाडीकडे निघाली. माफी तिनं मागितली नाही, मलाही नको होती. मी तिच्या मागून चालले. मेयर बघत होते, म्हणून मुद्दाम सावकाश चालले.