जांभळी बोटं

बाटलीच्या तळाशी केशरी चिखल... काल दुपारपर्यंत हेच खडे कसे कोरडे, सुटेसुटे होते. आता रात्रभर हवेतली ओल पिऊन वितळले होते, आणि चिखलात तपकिरी कण तरंगत होते — म्हणजे झाकण तर उघडं राहिलंच, वर कुणीतरी स्टीलचा चमचाही घातला होता. गोल्ड क्लोराइडला धातू लागला की त्यातलं सोनं सुटं होतं, म्हणून प्लास्टिकचा चमचा. डोळ्यात उडालं तर डोळा जाळतं, म्हणून चष्मा. कातडीला लागलं तर आधी काहीच कळत नाही, मग उजेडात जांभळा डाग उमटतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही, म्हणून हातमोजे. एकोणीस वर्षं या प्रयोगशाळेत ती नव्या माणसांना हे पढवत आली होती. याच्याच द्रावणात मज्जातंतूंचे काप बुडवायचे, मग तंतू न् तंतू उठून दिसतो. यंदाचं सगळं काम या एका बाटलीवर होतं.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, दुसरी विभागप्रमुख मॅडमकडे.

अकराला संचालकांनी दोघींना बोलावलं. मॅडम तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "सर, कपाट ह्याच सांभाळतात. वय झालं की होतं असं."

वय! दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या, दोन महिन्यांचं अंतर... मॅडमनी फाइल पुढे सरकवली तेव्हा तिला दिसलं — उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, टोकाला जांभळं. मॅडमनी हात चटकन टेबलाखाली नेला. नजरानजर झाली.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" संचालकांनी विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. सर, मॅडमचा हात बघा. तोंडाशी आलं होतं — आणि त्याच वेळी आठवलं, नवरा गेल्यावर तेराव्या दिवशी हीच बाई दारात उभी होती, नोकरीचा अर्ज स्वतःच भरून आणलेला, म्हणाली होती, रडणं नंतर कर, आधी सही कर... ते उपकार फिटले नव्हते का? कधी फिटणार होते? मी काय जन्मभर —

"माझ्याकडूनच राहिलं असेल झाकण," ती म्हणाली.

"लेखी द्या तसं. नोंद होईल."

बाहेर आल्यावर मॅडमनी तिचा दंड धरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हलकेच म्हणाल्या, "सुटले गं तुझ्यामुळे."

आणि गेल्या.

ती जिन्यात थांबली, संताप येईल म्हणून. यायलाच हवा होता. इतकी वर्षं आत कढत ठेवलेला, आज नाही तर कधी? वरून कुणी उतरलं, तिला वळसा घालून गेलं. संताप आला नाही. विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बसल्यापासून मॅडम तिला 'तुम्ही' म्हणत होत्या, चारचौघांत आणि दोघीच असतानाही. आज किती वर्षांनी तो 'गं' कानावर पडला होता, आणि तो ती मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघत होती — तिसऱ्यांदा, चौथ्यांदा — आणि बरं वाटत होतं. हे लक्षात आलं तेव्हा मात्र तिला स्वतःची शिसारी आली, इतकी, की कठड्यावरचा हात तिने काढून घेतला... आणि तरीही, पाचव्यांदा.