राजाची करंगळी

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. राजाच्या थडग्याचा मामला, उगाच कशाला तोंड उघडायचं. पण आता दामिसची आईही गेली. आता कुणाला त्रास व्हायचा नाही.

दामिस लाकूडकाम करायचा. स्पार्टाच्या खाली, समुद्राकाठच्या गावात. होड्यांच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, मासे आणि घोडे कोरायचा.

राजा एपितेलेसनं पुष्कळ वर्षं राज्य केलं म्हणतात, पण केलं ते सगळं समुद्रापलीकडून. लढाईला गेला तो गेलाच. जाताना गावातली तरणी पोरं वल्ही मारायला घेऊन गेला. त्यात दामिसचा थोरला भाऊ मेलास होता. मग कधीतरी राजाचं जहाज वादळात बुडालं, सगळ्यांसकट. परत आली ती नुसती बातमी.

राजाचं प्रेत हाती नसलं की स्पार्टात त्याची लाकडी मूर्ती करतात, बाजेवर निजवून मिरवतात आणि पुरतात. वल्हेकऱ्याची मूर्ती कोण करतंय?

मूर्तीचं काम दामिसला मिळालं.

घरी आई मेलास गेला हे मानायलाच तयार नव्हती. रोज संध्याकाळी त्याच्या वाट्याची जवाची भाकरी झाकून ठेवायची. सकाळी ती कडक झालेली भाकरी दामिस पाण्यात बुडवून खायचा. त्याला दादासाठी एकदा मोकळं रडायचं होतं. पण झाकलेल्या भाकरीसमोर रडणार कसं? आणि थडगं तरी कुठं होतं, जिथं जाऊन बसावं?

"राजा दिसायचा कसा रे?" त्यानं गोर्गोसला विचारलं. गोर्गोस त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, मूर्ती रंगवायला आलेला.

"मला काय माहीत. दाढी होती."

"दाढी सगळ्यांनाच असते."

"मग झालं तर. लाव दाढी. कोण तक्रार करतंय."

तोंड झालं. हात झाले. गोर्गोस रंग देत देत डाव्या हातापाशी आला आणि थांबला.

"ही करंगळी वाकडी आहे."

"हो."

"राजाची वाकडी होती?"

दामिस लाकडाचा भुसा झाडत राहिला. लहानपणी मेलासची करंगळी होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडली होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. गावात सगळ्यांना माहीत होतं.

"लेका, स्पार्टाच्या लोकांना कळलं तर आपल्याला जिवंत सोडणार नाहीत."

"तू नुसता रंग दे."

गोर्गोसनं दाराकडं पाहिलं. मग वाटीतला रंग ओतून दिला आणि नव्यानं कालवायला घेतला, त्यात तांबडी माती घालून. "मेलास उन्हानं रापलेला होता," तो म्हणाला. "हा गोरा रंग चालायचा नाही."

राजा मेला की खालच्या गावांतूनही माणसं स्पार्टाला जाऊन रडतात. तसा कायदाच आहे. घरटी एक पुरुष, एक बाई. पुरुष कपाळ बडवतात, बाया हंडे. आणि सगळ्यांनी ओरडायचं, की झाले त्या सगळ्या राजांत हाच चांगला होता. मागच्या राजाच्या वेळीही हेच ओरडले होते.

"ज्यानं माझा पोरगा नेला, त्याच्यासाठी मी हंडा बडवू?" आई वाटभर कुरकुरत होती. दामिसनं तिला काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नाही.

बाज आली. झगा गळ्यापर्यंत ओढलेला, फक्त डावा हात बाहेर. दामिसनंच तसा ठेवला होता.

आईचा हंडा थांबला.

"ए बाई, थांबलीस का?" काठीवाला शिपाई खेकसला.

तिनं दामिसकडं पाहिलं. एकदाच. मग हंडा खाली ठेवला, दोन्ही हातांनी कपाळ बडवलं आणि पोटातून असा आवाज काढला की पुढच्या बाया वळून बघायला लागल्या. दामिसही रडला. इतके दिवस अडलेलं सगळं आलं.

शिपाई खूश झाला. "बघा हिच्याकडं," तो बाकीच्यांना म्हणाला. "राजासाठी रडावं तर असं."

घरी परतल्यावर आईनं भाकऱ्या केल्या. झाकून काही ठेवलं नाही. मेलासचा वाटा दामिसच्या पुढं सरकवला. "गरम आहे तोवर खा."

हेच तर हवं होतं त्याला. पण मोडलेला मऊ तुकडा हातातच राहिला. सकाळची कडक भाकरी आठवत राहिली. ती होती तोवर दादा यायचा होता.

पुढं नवा राजा गादीवर बसला आणि त्यालाही समुद्रापलीकडं जायचं होतं. वल्ह्यावर गोर्गोसला बोलावणं आलं.

धक्क्यावर तो दामिसला म्हणाला, "नाहीच आलो तर ह्या राजाला माझे कान लाव."

"तुझे कान लावले तर त्याला शिरस्त्राण बसायचं नाही."

गोर्गोस हसला. मग गाठोडं खांद्यावर घेत, पाण्याकडं बघत म्हणाला, "तुला निदान आई आहे. माझी भाकरी झाकायला कोण आहे?"

"मी झाकीन," दामिस म्हणाला. "रोज. आणि तुझे कान कोरणार नाही. तू ये."