झाकणाखालची जिलबी

मी जिलबी बोलतेय, फरीदाबादच्या दसऱ्याच्या मेळ्यातली. जरा भरभर ऐका. आमचं तारुण्य फार तर अर्ध्या तासाचं.

काल संध्याकाळी, रावण जळायच्या तासभर आधी, माझा जन्म झाला. आंबवलेलं पीठ फडक्यातून कढईत पडलं, मी तुपात फुगले, पाकात डुंबले. भोवती माणसं बोटं भाजत उभ्याउभ्याच खात होती. इथली रीतच ती. बाजार खुला झाला, कोपऱ्यावर पिझ्झाचं दुकान निघालं, पण दसऱ्याला रांग आमच्यापुढेच. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू!

सुमित्राबाईंनी मात्र घरून स्टीलचा डबा आणला होता.

"बहनजी, गरम-गरम यहीं खा लो," हलवाई म्हणाला.

"नहीं भैया, बेटा गुडगाव से आ रहा है. इसी के लिए तो आता है."

खरंच होतं ते. नव्या कंपनीत लागल्यापासून जयदीपची दिवाळी हुकली, गणपती हुकले. दसऱ्याला मात्र मेळ्यातली जिलबी खायला तो यायचाच.

मी गार होऊ नये म्हणून बाईंनी झाकण घट्ट लावलं, वर टॉवेल गुंडाळला. झाकून ठेवायचं, हीच त्यांची माया. आत वाफ कोंडली, झाकणाला घाम फुटला आणि थेंब थेंब माझ्यावर गळू लागला. मी जीव तोडून ओरडले, "अहो, उघडा!" जिलबीचं कोण ऐकतं?

घरी पोचतो तोच फोन वाजला.

"आई, मीटिंग आहे यार. उद्या दुपारी पक्का."

"ये रे. जिलबी झाकून ठेवते."

आज तो आला. बसायच्या आधीच त्यानं माझा घास घेतला. दाताखाली मी मुळी वाजलेच नाही. लाजेनं मेले.

"आई, मेळ्यातली जिलबी आता पहिल्यासारखी राहिली नाही. पुढच्या वर्षी आणू नकोस."

"हलवाईच बदलला असेल," बाई म्हणाल्या. मग झाकणाच्या आतल्या थेंबांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मला मऊच बरी," म्हणत जयदीपच्या वडिलांनी, श्रीरंगरावांनी, बाकीच्या संपवल्या. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही.

चारच्या बसनं जयदीप गेला. डब्यात त्याची उष्टी मी एकटीच आहे. बाईंनी मला टाकलं नाही. पुन्हा झाकण लावलंय.

कढईतून निघाले तेव्हा मी कुरकुरीत होते हो! त्याला कुणीतरी एवढं सांगा. नाहीतर पुढच्या दसऱ्याला तो कशासाठी येईल?