बुंदीला हाक मारू नका

सकाळी जवळच्या खाणीत सुरुंग फुटला आणि बुंदी माझ्या हातातली साखळी हिसकावून पळाली. नवीन पनवेलला राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. गिरगावात वाढलेल्या कुत्रीला बसचे हॉर्न ठाऊक होते, दिवाळीचे फटाके ठाऊक होते, पण पायाखालची जमीन हादरते हे तिला नवीन होतं. विचुंब्याच्या बाजूला घरांची बांधकामं चालली होती, तिकडे ती साखळीसकट दिसेनाशी झाली. घाबरून महामार्गावरच्या पळस्प्याच्या फाट्यापर्यंत गेली, तर तिथले ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मी घाबरले होते, पण चेहऱ्यावर ते दिसू दिलं नाही. मुख्याध्यापिकेला ती सवय असते.

पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. घरात आम्ही दोघीच. हे गेल्यापासून संध्याकाळी दार उघडलं की कुणीतरी अंगावर उड्या मारत यावं, एवढीच माझी चैन होती. ती नसेल तर त्या कोऱ्या करकरीत फ्लॅटमध्ये मला एक दिवस राहायचं नव्हतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकर सबनीस उत्साही गृहस्थ. "रमाताई, टेन्शन घेऊ नका. ऑर्गनाइज्ड सर्च करू," म्हणाले. आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर बिघडली तरी आधी कमिटी नेमली जायची, मग मिस्त्री बोलावला जायचा. पाणी येणार नसलं की ज्या रिक्षावर भोंगा बांधून सांगत फिरायचे, तीच रिक्षा निघाली. मागे दोऱ्या आणि ग्लुकोज बिस्किटं घेतलेली मंडळी. माइक अर्थातच मी घेतला. माझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत पोचतो. "बुंदी, मी बोलतेय. ताबडतोब घरी ये."

एका रेतीच्या ढिगामागे ती दिसली. आम्ही सगळे हात पसरून, चुचकारत, चहूबाजूंनी पुढे झालो. बुंदीनं आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, आणि शेपूट पोटात घालून सुटली. सबनीसांना बघून पळाली असती तर मी समजू शकले असते. मला बघून पळाली, हे मला फार झोंबलं.

दुपारपर्यंत आम्ही भोंगा वाजवत फिरलो, आणि मग एक बाई थेट रिक्षापुढे येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरून ओढणी, हातात काठी.

"आधी तो भोंगा बंद करा," त्या म्हणाल्या.

"अहो, आम्ही हरवलेली कुत्री शोधतोय," सबनीस म्हणाले.

"तेच सांगायला आले. तुमची कुत्री माझ्या घरात आहे. तुमचा भोंगा वाजला की बिचारी फळ्यांखाली आणखी आत जाते."

त्यांचं नाव फहमिदाबी. मुलगा मोहसीन दुबईला. त्याच्यासाठी इथे घर बांधणं चाललं होतं आणि कामावर नजर ठेवायला त्या रोज पनवेल गावातून यायच्या. सकाळी कुत्री आत शिरली तशी त्यांनी कामही थांबवलं होतं.

"हात लावू दिला तिनं तुम्हाला?" मी जरा जळूनच विचारलं.

"तौबा. मी कशाला हात लावतेय? मला नमाज असते, बाई. तिचं ओलं तोंड लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. मी आपली काठीनं ताटली सरकवते आणि पाठ फिरवून बसते. बघतसुद्धा नाही तिच्याकडे. ती मात्र दर वेळी वीतभर पुढे येते."

मला समजायला वेळ लागत नाही. सकाळपासून बुंदीनं नुसते पसरलेले हात पाहिले होते. एकच माणूस तिला भेटलं, ज्याला ती नको होती. "सबनीस," मी म्हटलं, "सगळ्यांना घेऊन घरी जा आणि चहा प्या." ते गेले.

फहमिदाबींनी भाकरीचे तुकडे घातलेली ताटली काठीनं फळ्यांकडे ढकलली. मग आम्ही दोघी तिकडे पाठ करून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसलो. गप्प बसणं हा माझा प्रांत नव्हे. दहादा नाव ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. मागे साखळी खरखरली आणि थांबली. पुन्हा खरखरली. भाकरी चावल्याचा आवाज आला तेव्हा मी श्वास सोडला. मग साखळी अगदी जवळ आली, आणि न बघता मी तळहात उघडा ठेवला.

बुंदी माझ्याकडे आली नाही. ती फहमिदाबींच्या कुशीत शिरली आणि ओलं तोंड तिनं सरळ त्यांच्या मांडीवर टेकलं. फहमिदाबी ताठरल्या. आता या झटकन उठणार आणि माझी कुत्री महामार्गावर जाणार, असं मला वाटलं. मी हळूच साखळी उचलली आणि मनगटाला दोन वेढे घेतले.

"धरली," मी कुजबुजले. "उठा तुम्ही. कपडे बदलायचे, धुवायचं, नमाजाची वेळ होईल." या वेळी मात्र मी चेहऱ्यावरचं काहीच लपवलं नाही.

"थांबा जरा, बाई," फहमिदाबी म्हणाल्या. "अजून थरथरतेय ती. पाण्याचं काय, हौद भरलाय."

आणि त्यांनी बुंदीच्या डोक्यावर हात ठेवला.