नागव्वाचे मडके

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. सोलापूरच्या बाजारात नागव्वाने मला बोटाने वाजवून पाहिले, कानाशी धरले आणि घरी आणले. तिचे यजमान शिवयोगी शास्त्री पडवीत न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचे जुने शास्त्र, शिकवत.

सकाळी मी पाण्याने भरलेले असे. दुपारी मला रिकामे करून पडवीत नेत. शास्त्रीबुवा मला शिष्यांपुढे जमिनीवर ठेवत, मग उचलून पाठीमागे धरत आणि विचारत, "आता काय दिसतं?"

"मडकं तिथं न्हाई, हे दिसतंय," शिष्य म्हणत.

"बरोबर. नसणंसुद्धा दिसतं. त्याला अभाव म्हणायचं."

तेवढ्यात आतून हाक येई, "अवो, मडकं द्या की! पाणी काय तुमच्या अभावात भरू?"

सगळे हसत. शास्त्रीबुवाही हसत, पण पाठ संपल्याशिवाय मला सोडत नसत.

एकदा नागव्वाने दाराआडून विचारले, "आन् मडकं फुटलं तर वो?"

"मग त्याचं नसणं सुरू होतं. ते पुन्हा कधी संपत नाही."

"मग फुटायच्या आधी हिकडं आणा की!"

पुढे शहरात गिरण्यांचे भोंगे वाढले आणि पडवीतले शिष्य कमी झाले. "ह्यानं पोट भरत न्हाई, गुरुजी," असे सांगून एकेक जण गेला. गुरप्पा तेवढा राहिला. एका उन्हाळ्यात नागव्वा तापाने गेली.

काही दिवसांनी गुरप्पा आला. म्हणाला, "गुरुजी, फुटल्यानंतरच्या अभावाचा पाठ ऱ्हायलाय. तेवढा द्या. मग मीबी गिरणीत जातो."

शास्त्रीबुवांनी मला जमिनीवर ठेवले आणि उचलले. मग ते आतल्या दाराकडे बघत थांबले. मला कोणी मागितले नाही.

"गुरप्पा, वस्तू गेली की तिचं नसणं सुरू होतं. आणि ते..."

पुढचे शब्द त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. त्या दिवशी ते त्यांना म्हणता आले नाहीत. गुरप्पा बराच वेळ वाट पाहत बसला. शेवटी पाया पडून निघून गेला.

त्यानंतर पडवीत कोणी आले नाही. माझ्यात कोणी पाणी भरले नाही. शास्त्रीबुवा अजून रोज मला उचलतात, खालच्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि परत ठेवतात. या शास्त्राचा आता काय उपयोग, असे लोक विचारतात. शास्त्राने सांगितलेले खरे निघाले, एवढेच मी पाहिले. खरे निघून कोणाचे भले झाले नाही.

मित्रांनो, घरातून कोणी मडके मागितले तर पाठ अर्धा राहू द्या. आधी ते नेऊन द्या.