भिंतीकडे तोंड केलेली विळी

मी एक जुनी विळी आहे. मित्रांनो, माझं पातं जन्मापासून वाकडं आहे. लोहारानं ते मुद्दामच तसं ठोकलं, कारण सरळ पात्यावर भोपळा चिरला जात नाही, नुसता घसरतो. हे आधीच सांगून ठेवते. पुढं सगळं वाकडेपणावरूनच झालं.

रोह्याच्या बाजारात अनिताच्या आईनं मला घेतलं आणि लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर दिलं. तशी मी पेणजवळच्या जोहे गावात आले. घराला लागूनच गणपतींचा कारखाना. अनिताचा नवरा विशाल मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा, सासू इंदुबाई मूर्ती घासायची. माझ्यावर अनिता भाजी चिरायची, बोंबील कापायची. "सुनेची विळी लोण्यासारखी चालते," असं इंदुबाईसुद्धा म्हणायची. हो, म्हणायची.

मग अनिताला दिवस गेले. एका दुपारी भूक लागली म्हणून ती दुधी चिरायला बसली. आभाळ भरलेलं होतं, ग्रहण लागलंय हे तिला कळलंच नाही. शेजारची सरू दारातून ओरडली, "अगो, ग्रहणात विळीवर बसलीस?" तोवर अर्धा दुधी चिरून झाला होता.

दिशा जन्मली ती दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या घेऊन. इंदुबाईनं बाळाचे हात पाहिले आणि मग माझ्याकडे बोट केलं. "ही बघा माहेरची विळी. पोरीची बोटं वाकडी करून ठेवली हिनं!"

त्या दिवशी माझी रवानगी कारखान्यात झाली, प्लॅस्टरमध्ये घालायचा काथ्या कापायला. काम झालं की मला आडवी करून माझं तोंड भिंतीकडे करत. अनिता माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटायची की गंज चढला तोही बरा वाटला. निदान पातं झाकलं गेलं.

इंदुबाईची उजवी करंगळीही वाकडी होती. तरुणपणी मिठागरात फावडं पडलं, असं ती सांगायची. डावा हात मात्र कायम पदरात. काथ्या कापताना तो बाहेर यायचा आणि मला दिसायचं, डावी करंगळीही तश्शीच! एकच फावडं दोन्ही हातांवर कसं पडलं? पण ज्याला बोल लागलेला असतो, त्याला दुसऱ्याची बोटं तपासायचा धीर होत नाही.

दिशा शाळेत जाऊ लागली. पोरं ओरडायची, "गळ आला, गळ! मासे धरा!" विशाल तिला हसवायचा, "सरळ बोटानं तूप निघत नाय. माझी पोर तूप खानार!" ती हसायची, पण फोटोत हात मागं.

तिला बापासारखी आखणी करायची होती. आखणी करताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतात, म्हणजे हात हलत नाही. दिशाची करंगळी शेजारच्या बोटाखाली जायची. एकदा ब्रश घसरला आणि गणपती चकणा झाला. तिनं डोळा पुसून टाकला आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिचंही तोंड भिंतीकडे.

विशाल आणि अनितानं तिला पेणला डॉक्टरांकडे नेलं. थोडा बाक असता तर डॉक्टरीणबाईंनी हात लावला नसता; पण हिचं हाड तिरकं वाढत होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं. विशाल तयार झाला. अनिता मात्र कारखान्यात येऊन रडायला लागली.

"ग्रहणात मीच चिरलं. आता परत तिलाच चिरायला देऊ? नाय, नाय!"

"अगो, डॉक्टरीणबाई काय म्हनाल्या?" विशाल म्हणाला. " हे रक्तातनं येतं. घरात आनखी कोनाची बोटं अशी हायत का, विचारत होत्या."

इंदुबाई माझ्यावर काथ्या कापत होती. तिचा हात थांबला. मग तिनं दोन्ही हात माझ्या पाटावर ठेवले, उघडे.

"फावडं कधी पडलंच नाय," ती म्हणाली. "माझ्या बापाची पन अशीच होती. मला बघायला आले तेव्हा त्यानंच शिकवलं, फावडं सांग म्हनून."

"मग बोल मला का लावलात, आई? एवढी वर्षं?"

"लाज वाटली गो. माझी लाज मी तुझ्या पदरात टाकली."

अनितानं डोळे पुसले आणि ती विशालला म्हणाली, "डॉक्टरांना सांगा, आमी येतो."

हाडाचा छोटासा तुकडा काढून करंगळ्या सरळ केल्या. दिशा दोन्ही हातांना प्लॅस्टर घालून घरी आली आणि म्हणाली, "गणपतीला पन प्लॅस्टर, मला पन प्लॅस्टर!" पुढं बोटं मोकळी झाल्यावर तिनं पहिला डोळा आखला. अगदी सरळ नव्हता. पण तो तिनं पुसला नाही.

इंदुबाईनं मला धार लावून स्वयंपाकघरात आणलं. परवा ग्रहण होतं. सरू दारातून ओरडली, "इंदुबाय, विळीवर बसलीस?"

"बसले. वाकडं माझ्या घरान्यात हाय, ग्रहनात नाय," इंदुबाई म्हणाली आणि पदराबाहेरच्या हातानं दुधी चिरत राहिली.

मित्रांनो, माझा गंज घासून निघाला. लाज अजून पुरती निघालेली नाही; अनिता माझ्यावर बसताना अजूनही एकदा आभाळाकडे बघते. म्हणून सांगते, कुणाचं बोट वाकडं दिसलं तर त्याला डॉक्टरांकडे न्या, पण कुणाच्या आईकडे बोट दाखवू नका. मी धारेची आहे, पण त्या दाखवलेल्या बोटाइतकं खोल मलाही चिरता येत नाही.

रात्री मला अजूनही आडवी ठेवतात, पोरांना लागू नये म्हणून. तोंड भिंतीकडेच असतं. पण आता ते अनिता करते, आणि हळूच करते.