जयरामची जांभई

"तुम्हाला अजून आभाळ्याने धरलेलं नाही ना, जयरामभाऊ? मग बाकावर नका बसू. ते स्टूल घ्या," लंकाबाईने चहा गाळता गाळता सुनावलं.

सातपुरातल्या तिच्या टपरीवर नाशकातले झाडून सगळे बारके खलनायक चहाला यायचे. उडणाऱ्या आभाळ्याने ज्याला स्वतः पकडलं, त्याचा पेपरातला फोटो भिंतीवर लागायचा आणि त्यालाच बाकावर जागा. कुसाबाई नुसत्या नजरेने शेजारणीचं दूध नासवायची. तिचा फोटो होता. धम्मपाल फुंकर मारून कुलूप उघडायचा. त्याचे तर दोन होते. जयरामला सव्वीस वर्षांत फक्त हवालदारांनी धरलं, तेही त्यांना जाग आल्यावर.

कारण जयरामची जांभई. पाहील तो जागीच आडवा. एकदा रविवार कारंजावर त्याने ती दिली, तर माणसं सोडाच, कारंजाचं पाणीसुद्धा अर्ध्यात डुलकी घेऊ लागलं. खोटं वाटत असेल तर त्याची बायको शकुबाई पाहा, लग्नापासून घरातही काळा चष्मा घालते. आणि एवढ्या विद्येवर गड्याने चोरलं काय? एक इस्त्री, एक टेबलफॅन आणि द्राक्षांची पेटी. तीही आंबट निघाली.

त्या दुपारी तो गच्चीत कुरडया राखत बसला होता. ऊन दुधासारखं सायीला आलेलं. एवढ्यात समोर सावली उतरली. आभाळ्या!

जयरामने घाईघाईने केस विंचरले आणि दोन्ही हात पुढे केले. "फोटोवाले खाली आहेत का? वरच बोलवा, उजेड चांगला आहे."

"धराया नाय आलो, काका." पोरगं देवळ्याकडचं, डोळे लालभडक. "कोनी कुठंबी वाचवा म्हनलं, की मला ऐकू येतं. अकरा म्हैने डोळ्याला डोळा नाय. एक जांभई द्या."

"आधी धर की मला! मग देतो."

"धरलं की पोलीस तुमच्या तोंडाला पट्टी बांधत्यात. मंग मी कसा झोपू?"

जयरामने कुरडया सरकवून पोरापुरती जागा केली. मग त्याने तोंड उघडलं. सव्वीस वर्षांचा शीण होता त्या जांभईत. पोरगं कुरडयांच्या कडेला अलगद कलंडलं.

तासाभराने खालून धम्मपाल ओरडला, "जयरामभाऊ! आभाळ्या गायब झालाय! कोणीतरी लोळवला त्याला. लंकाबाई म्हणते, ज्याने लोळवला त्याचा फोटो सगळ्यांच्या वर लावीन. तुला काही कळलं का?"

जयरामने कठड्यावरून डोकावून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू रे. मला काय कळणार? असेल कोणीतरी मोठा माणूस. पण सगळ्यांना सांग, आज कोणाला ओरडायला लावू नका."

तो वळला, तर झोपेतलं पोरगं वीतभर वर तरंगत होतं आणि वाऱ्याबरोबर हळूहळू गच्चीबाहेर सरकत होतं. जयरामने त्याच्या पायाचा अंगठा धरला आणि ऊन उतरेपर्यंत तसाच बसून राहिला.